जळक्या वाळूची फरशी

कुणी मोठ्याने बोलू लागलं की दादा ओठांवर बोट ठेवायचे आणि ओल्या गोणपाटाखालच्या चिखलाकडे बघत म्हणायचे, "हळू. माती निजलीया."

चिंचवडच्या माळावर नवे कारखाने उठत होते, तेव्हाची ही गोष्ट. मी बीडकडून येऊन ओतकामाच्या एका कारखान्यात लागलो होतो आणि दादांच्या शेजारी खोली घेऊन राहत होतो. दादा कुंभार, कौलं आणि फरश्या भाजायचे. सदा आपल्याच तंद्रीत. हाक मारली तर ओ यायला वेळ लागायचा. असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल.

पवनेकाठची त्यांची गाळाची माती एका कंपनीच्या कुंपणात गेली. उरली काळी माती. ती वाळतानाच तडकायची. अंगणात तडकलेल्या फरश्यांच्या रांगा पडून असत. वहिनींनी भांड्यांचं गाठोडं बांधलं. देहूरोडला माहेरी, भावाकडे जाऊ म्हणाल्या. दादा नुसते नदीकडे बघत बसले.

एका सकाळी ते माझ्यासोबत कारखान्यापर्यंत चालत आले. लोखंड ओतायच्या साच्यांतली जळकी वाळू आम्ही ओढ्याकाठी टाकत असू. ढिगावर अजून धग होती. दादांनी ओंजळ भरली आणि कितीतरी वेळ ती बोटांतून गळू दिली. ही टाकूनच देता का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"हिनं आग बघितलीया," ते हलकेच म्हणाले. "ही आता कशाला तडकंल?"

मुकादमाला विचारून आम्ही गाडीभर वाळू आणली. पहिल्या खेपेला ती मातीत जास्त झाली. फरशी हातातच भुगा झाली. कंपनीचा उकिरडा दारात आणला म्हणून वहिनी दिवसभर धुसफुसत होत्या. दादांनी वाळू कमी केली, चिखल पुन्हा तुडवला. या वेळी सगळ्या फरश्या अखंड वाळल्या. भट्टी उघडली तेव्हा तांबूस चौकोनांवर काळे बारीक ठिपके उमटले होते. दादा एक फरशी कानाशी धरून टिचकी मारत उभे राहिले. वहिनींनी ते पाहिलं, आत जाऊन गाठोडं सोडलं आणि भांडी फळीवर मांडली.

त्या पहिल्या भट्टीतल्या फरश्या त्यांच्याच घरात बसवल्या.

काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, दादा तापाने गेले. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बसायला मी घोंगडी ओढली.

"नको भावजी," त्या म्हणाल्या. "तसंच बसा. गार हाय."

मी बसलो. त्यांनी आपला तळहात फरशीवर पसरून ठेवला होता.