डाव्या तळहातावरचा मोदक

"तो नाही काकू, डावा दाखवा."

हात बघू म्हटल्यावर उजवा मी आपणहून पुढे केला होता, कारण तो बरा होता. डाव्या हातात तांदळाच्या उकडीची पारी होती, मधे सारण, कळ्या अर्ध्याच घातलेल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही बायका सतरंजीवर गोल बसून गणपतीच्या नैवेद्याचे मोदक वळत होतो. बोलणारी होती तिसऱ्या मजल्यावरच्या अधिकाऱ्याची बायको, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. मी पारी परातीत ठेवली आणि तळहात उघडला. सगळीकडे चिरा आणि कडेने सुटलेले कातडीचे पांढरे पापुद्रे. त्यातला एक पारीच्या काठाला चिकटला होता. तो मलाही तेव्हाच दिसला.

बाकीच्या बायका आपापल्या पारीकडे बघत राहिल्या. ती हळूच म्हणाली, "आज तुम्ही नुसत्या बसा. आम्ही वळतो." मग माझ्यापुढचं मोदकांचं ताट उचलून तिने भिंतीशी नेऊन ठेवलं आणि वर वर्तमानपत्र टाकलं. मी सतरंजीवर तशीच बसून राहिले. उठून जावं तर सगळ्यांना कळणार, बसावं तर काही काम नाही.

मोदक हीच माझी तिथली जागा होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. दिल्लीत मयूर विहारच्या त्या नव्या मराठी सोसायटीत बाकीच्या बायका शिकलेल्या, काही नोकरी करणाऱ्या. त्यांच्या गप्पा इंग्रजीकडे वळल्या की मी तोंड मिटून घ्यायचे. पण दिल्लीत वाढलेल्या मुलींना उकड जमत नसे. त्या एका दिवशी सगळ्या मला विचारत, काकू, पाणी किती घालू, काकू, हे फाटतंय बघा. तेवढं गेलं तर त्या सोसायटीत मी कोणीच नव्हते.

तळव्यांना सोरायसिस होता. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही, पण हे मी कोणाकोणाला समजावत बसणार? मोठ्या इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टरने एक मलम लिहून दिलं होतं, बाहेरच्या देशातून येणारं. ते लावलं की हात चारचौघींसारखे होत. त्या उन्हाळ्यात ते मिळेनासं झालं. औषधवाला म्हणायचा, "माताजी, पीछे से ही नहीं आ रहा." त्याच्याच दुकानात परदेशी शाम्पूच्या बाटल्या छतापर्यंत रचलेल्या असायच्या. तेव्हा दिल्लीत काय वाटेल ते मिळायला लागलं होतं, माझं मलम सोडून. आमचे हे ऑफिस सुटल्यावर जुन्या दिल्लीतल्या घाऊक बाजारातही जाऊन आले. तिथेही नव्हतं. डॉक्टरने दुसरं दिलं, त्याने नुसती आग झाली. मुलगा मानेसरला कारखान्यात होता, त्याने तिकडचे रबरी हातमोजे आणून दिले. आतून घाम आला आणि कातडी आणखी चिरली.

जुन्या मलमाची अर्धी नळी उरली होती. ती मी गणपतीसाठी राखून ठेवली. काडेपेटीतल्या काडीच्या टोकावर घ्यायचं आणि फक्त उजव्या हाताला लावायचं. प्रसाद घ्यायचा तो उजव्या हातात, हळदीकुंकू लावायचं ते उजव्या हाताने, बघतात ते लोक उजव्याच हाताकडे. डावा पदराखाली राहील, असं मी धरून चालले. लग्नाआधीपासून मोदक वळत आले होते, पण एवढं ध्यानात आलं नाही की पारी बसते ती डाव्या तळहातावर. उजवा हात नुसत्या कळ्या घालतो.

आरती झाल्यावर सून ते ताट वर्तमानपत्रासकट घरी घेऊन आली. म्हणाली, "आई, मला तरी सांगायचं ना. मी म्हटलं असतं तुम्हाला ताप आहे." ती चांगल्या मनाने म्हणत होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि मोदक उकडायला ठेवले, कारण एवढं सारण टाकून देणं मला जमलं नसतं. ह्यांनी एक उचलला. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी तूप घालून खाल्ला, वर दुसरा घेतला. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे माझ्यावर उपकार करताहेत. सुनेने आणि मुलाने पोट भरल्याचं सांगितलं.

त्या बाईचा मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही ते ताट बाजूला ठेवलं असतं, आणि इतक्या हळू बोलले नसते. म्हणूनच लाज जाईना. रागावता आलं असतं तर सुटले असते.

दिवाळीनंतर मलम परत यायला लागलं. पुढच्या गणपतीला तिनेच खाली बोलावलं, "काकू, या ना, तुमच्याशिवाय होत नाही." मी गेले. सतरंजीवर बसायच्या आधी दोन्ही हात उलटेसुलटे करून सगळ्यांना दाखवले. कोणी दाखवा म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "अहो काकू, असू द्या," आणि मान खाली घातली. त्यानंतर दरवर्षी मी हात दाखवूनच बसायचे.

ती नवऱ्याच्या निवृत्तीनंतर पुण्याला गेली. आमचे हे वारले. सुनेला तो दिवस आठवत नाही, विचारलं तर म्हणते, कुठले मोदक? मी आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि तळवे अजून अधूनमधून चिरतात.