चांद्याचं वजन

शेंडगे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षेची बैठकव्यवस्था लावत होते. फोन वैशालीचा होता. ती सरांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. "मॅडम, सर..." एवढंच बोलली. सर सोलापूरच्या दवाखान्यात होते, त्यामुळं पुढचं विचारायची गरज पडली नाही. मी सवयीनं कागद ओढला, कुणाकुणाला कळवायचं ते लिहायला. पहिलं नाव लिहिलं आणि बघत राहिले... शेंडगे सर. कॉलेजात काहीही झालं की आधी त्यांना सांगायचं, हे हाताला इतकं पाठ होतं. तो कागद फाडून दुसरा घेतला. कामं तर करायचीच होती.

सर मूळचे अणदूरचे. आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे, मी भूगोल. संशोधन समितीचं काम माझ्याकडं असल्यामुळं त्यांचा शेळ्यांचा प्रकल्प मी जवळून पाहिला. आपल्याकडच्या उस्मानाबादी शेळीच्या करडांना बाभळीच्या शेंगांचा खुराक दिला तर वजन किती वाढतं, एवढाच साधा प्रश्न. त्यासाठी सरकारी अनुदान मिळालं होतं. दर महिन्याला शेळ्या पाळणाऱ्या तायप्पा मामांच्या वस्तीवर जायचं, लिंबाच्या फांदीला ताणकाटा अडकवायचा आणि एकेक करडू झोळीत घालून तोलायचं. पण पहिलं करडू तोलायच्या आधी सर पिशवीतून पाच किलोचं लोखंडी माप काढून काट्याला लावायचे, काटा बरोबर पाचावर येतो का बघायला. मामा हसायचे. "सर, काटा मागल्या महिन्याचाच हाय की." त्यावर सर म्हणायचे, "तोंड बी कालचंच असतं मामा, तरी सकाळी धुताच की." करडांना त्यांनी नंबर दिले नव्हते, नावं दिली होती. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक बोकड होता, त्याचं नाव चांद्या.

प्रकल्पासाठी भाड्यानं जीप घेतली होती. संस्थेच्या सचिवांकडं लग्न निघालं आणि जीप चार दिवस पाहुण्यांना द्या, असा निरोप आला. सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर उत्तर दिलं, "जीप शेळ्यांच्या पैशाची आहे. पाहुण्यांची मागं शेळ्यांशेजारी बसायची तयारी असेल, तर वाटेत सोडतो." आम्ही पोट धरून हसलो. वर मात्र कुणी हसलं नाही. त्यानंतर जीपवाल्याची बिलं टेबलावर अडकायला लागली आणि कंटाळून त्यानं यायचं बंद केलं. सर म्हणाले, जीप नाही तर एसटी आहे. ते आणि वैशाली एसटीनं जायला लागले. पुढं सर पेपर तपासायच्या कामाला दोन महिने बाहेरगावी गेले आणि वस्तीचं काम एकट्या वैशालीवर आलं.

ते परत आले तेव्हा वैशालीचे तक्ते तयार होते. त्यांवरून सहामाही अहवाल गेला, आणि तो पुढं गेल्यावर निवांत तक्ते चाळताना सर एका ओळीवर थांबले. मला बोलावून म्हणाले, "बाई, चांद्याचं वजन वाढलंय." मी म्हटलं, चांगलंच आहे की. "चांगलं कसं? मी जायच्या आदल्या दिवशी मामांच्या नवसाच्या कंदुरीत चांद्या कापला. मी स्वतः जेवलोय. वाटी तोंडाला लावून रस्सा वरपलाय. आणि हितं तो त्यानंतर दोन महिने वाढतोय." हे बोलताना ते हसले, आणि हसता हसताच खुर्चीत बसले. तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

वैशाली आली ती रडतच. तिला सातवा महिना होता. एसटीतून उतरून वस्तीपर्यंत ऊन तुडवत चालायचं, डॉक्टरांनी मना केलेलं. गेली नाही म्हणावं तर विद्यावृत्ती थांबेल ही भीती. मग तिनं मागच्या वाढीवरून अंदाज बांधून घरीच आकडे भरले. सरांनी तिला खुर्ची दिली. म्हणाले, "जीप मी अडवली. पण तू कशी जातेस, हे मी विचारलंच न्हाय."

सर, वैशाली, मी आणि प्राचार्य, ह्या चौघांपलीकडं ही चूक कुणालाच कळली नसती, पण सरांनी अनुदान देणाऱ्या खात्याला आणि विद्यापीठाला पत्र लिहून ती कळवायचं ठरवलं. प्राचार्य म्हणाले, "सर, चार करडांच्या वजनानं काय आभाळ कोसळतं? दुसरा हप्ता यायचाय, तुमची बढती व्हायचीय." समितीचं काम करणारी म्हणून मीही विचारलं, आता ह्या पोरीचं काय? पत्र लिहिलं तर तिची नोंदणीच रद्द होऊ शकत होती. सर म्हणाले, "ह्या आकड्यांवर विसंबून उद्या कुणी करडांना नुसत्या शेंगा घातल्या तर? त्याला काय सांगू?" तरी त्यांनी पत्र आधी वैशालीला वाचायला दिलं. तिनं काय केलं, जीप का थांबली, आपण काय विचारायचं राहून गेलं, सगळं त्यात होतं. तिचं झाकलं नव्हतं आणि स्वतःचंही. तिनं वाचून खाली सही केली.

दुसरा हप्ता आला नाही. सरांची बढतीही झाली नाही. वैशालीची नोंदणी मात्र वाचली. विद्यावृत्तीविना, नव्या करडांवर, पूर्ण वर्षाचं काम पुन्हा करायची परवानगी मिळाली. तेव्हापासून सरांनी त्यांच्या तक्त्यात एक रकाना वाढवला, "वजन न घेतल्याचं कारण". विद्यार्थी आला की ते आधी तो रकाना बघायचे. तो सगळा रिकामा दिसला तर म्हणायचे, "काहीच अडचण आली नाही? लई नशीबवान आहेस." पोरं हळूहळू खरं लिहायला लागली. एसटी चुकली, ताप होता, मामा शेळ्या घेऊन लांब गेले होते... मीही मग समितीच्या सगळ्या अर्जांत तो रकाना टाकून घेतला.

वैशालीचं बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर काम पुन्हा सुरू झालं. सर तिच्याबरोबर एसटीनं जायचे, माप स्वतः उचलायचे. पुढं दम लागायला लागला, तरी जायचे. दवाखान्यात मी भेटले तेव्हा आवाज पार बसला होता. "वजनाचे दोनच महिने राहिलेत बाई, डॉक्टरांना सांगा, घरी सोडा म्हणावं मला." मी बरं म्हटलं.

गेल्या आठवड्यात वैशालीबरोबर मी वस्तीवर गेले. पिशवी तिच्या खांद्यावर होती. मामांनी पाणी दिलं. तिनं काटा अडकवला, माप लावलं आणि काटा पाचावर स्थिर होईपर्यंत थांबली. मग करडं तोलली. मी आकडे लिहून घेत होते. वरच्या ओळीत मागचा महिना पूर्ण कोरा होता आणि शेवटच्या रकान्यात तिच्या अक्षरात एवढंच होतं : सर गेले.

मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. "एवढं मोकळंच ऱ्हायलं व्हय?" ते म्हणाले. "पोरी, माझी रोजची नजर हाय. मागल्या महिन्यात कोण किती भरलं असंल, सांगू का अंदाजानं?"

वैशाली माप पिशवीत ठेवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"नको मामा. असू द्या तसंच."