चर्चच्या आतला फोटो

"भ्या, पण हलू नका." समोर नवरी बसो नाहीतर मामलेदार, कळंबचे आमचे फोटोवाले काका हेच सांगत. ऐकून माणूस हसे आणि हलेच. मग काका काळ्या कापडातून डोकं काढून म्हणत, "घ्या! दोन नाकं आली."

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. मी घरातला पहिला बी.ए., शाळेत नवा मास्तर. गावाबाहेरच्या जुन्या दगडी चर्चच्या तुळया वाळवीनं पोखरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी छप्पर उतरवायचं होतं आणि आतला एकही फोटो कुणाकडं नव्हता. पाद्रीबाबा काकांना म्हणाले, "माझ्या आईबापाचं लग्न इथं लागलं. एक तरी फोटो घ्या."

काकांच्या लाकडी कॅमेऱ्यासाठी फोटो उमटवायच्या दोनच काचा उरल्या होत्या. आत अंधार. भिंग आठ मिनिटं उघडं ठेवायचं आणि तेवढा वेळ दारातून आरशानं ऊन आत फिरवायचं. आरसा माझ्याकडं दिला. "सावकाश, गुरुजी. भिंत सारवल्यावानी."

मधेच वर कडकड झालं. माती सांडली. माझा हात उडाला आणि झोत थेट भिंगावर गेला. पहिली काच वाया.

"काका, मेलो असतो आपण!"

"आपण न्हाय मेलो. काच मेली." दुसरी काच बसवून त्यांनी वर तुळयांकडं बघितलं. "लई भ्यालोय, गुरुजी. पण वेदीपर्यंत तुमचा उजेड पोचत न्हाय."

भिंग उघडून, दुकानातला भांग पाडायचा आरसा घेऊन ते त्या तुळयांखाली गेले. माझं ऊन झेलून वेदीवर टाकू लागले. एका जागी थांबले असते तर फोटोत स्वतःच उमटले असते, म्हणून सारखे फिरत राहिले.

उन्हानं दिपलेल्या डोळ्यांना आतलं काही दिसेना. फक्त काका सेकंद मोजत, ते आकडे ऐकू येत. "दोनशे अकरा... दोनशे बारा..."

पुन्हा लाकूड कडाडलं. काहीतरी धपकन पडलं. आकडे थांबले.

आरसा सोडता येईना. शेजारी पाद्रीबाबांनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

आतून खोकला आला. "कितीवर होतो, गुरुजी?"

"दोनशे बारा!" मी ओरडलो. आवाज रडका झाला होता.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो फोटो नव्या चर्चमध्ये दाराशी लावलाय. वेदीवरची कोरीव द्राक्षं, तुळईची चीर, सगळं स्वच्छ आलंय. फोटो कुणी काढला, असं कुणी विचारलं तर मी वेदीपुढं बोट ठेवतो. "इथं होते ते."

माणसं वाकून बघतात. तिथं नुसती फरशी आहे.