बेचाळीस सेकंदांचं 'नाही'

हेमांगी खाली सपाटीवरच्या कळसाडी गावच्या गुजर घरातली. वडील कापूस-केळी पिकवतात, ती घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइट बनवते. सातवीत माझी विद्यार्थिनी होती. उत्तर चुकलं तरी जोरात द्यायची. आता मी वर डोंगरात, मोलगीला शिकवतो. तिच्यावर मी आयुष्यात एकदाच चिडलो, या जूनमध्ये, आणि अजून पुरता निवळलेलो नाही.

आमच्या गावच्या कालीबाईच्या मुलीला, रोशनीला, दहावीत बहात्तर टक्के मिळाले. नंदुरबारच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच अकरावी, नाहीतर मामासोबत गुजरातेत मजुरी. निवडयादी वेबसाइटवर लागली. आमच्याकडे यादी घरी बसून कोणी बघत नाही. रेंज फक्त घाटाच्या वळणावर. तिथे गावचा जीपवाला दलसिंग जीप थांबवतो, आपल्या फोनवर एकेकाचा अर्ज क्रमांक टाकतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचतो. त्याने वाचलं की विषय संपला. रोशनीचा क्रमांक टाकताच आलं, 'आपले नाव यादीत नाही.' दलसिंगने वाचलं, फोन खिशात घातला, जीप सोडली. दुसऱ्या दिवशी रोशनी मामासोबत गेली.

मला पटेना. वेबसाइट हेमांगीच्याच कंपनीची, म्हणून तिला फोन लावला.

"सर, नाव आहे की! माझ्यासमोर दिसतंय."

"मग आम्ही काय आंधळे आहोत?" मी ओरडलो. शुक्रवारी पाचपर्यंत वसतिगृहात हजर व्हायचं होतं. ती गुरुवारी सकाळीच स्कूटीवरून घाट चढून आली.

वळणावर तिने दलसिंगच्याच फोनवर क्रमांक टाकला. तेच वाक्य, लगेच.

"देख, नाव नई शे," दलसिंग म्हणाला आणि फोन घ्यायला हात पुढे केला.

"थांब भाऊ. यादी अजून येई ऱ्हायनी," हेमांगी म्हणाली, म्हणजे यादी अजून येतेच आहे. तिचा चेहरा उतरला होता. आम्ही तिघं त्या फोनकडे बघत उभे राहिलो. मी घड्याळ लावलं. बेचाळीस सेकंदांनी 'नाही' पुसलं गेलं आणि तिथे आलं, 'रोशनी, निवड झाली.'

दलसिंग जीपच्या पायरीवर बसला. त्या आठवड्यात त्याने अकरा जणांना 'नाही' वाचून दाखवलं होतं.

हेमांगीने मला समजावलं. वेबसाइटचं पान आधी उघडतं, यादी मागून येते. तोवर पानाकडे रिकामी यादी असते, आणि रिकामी यादी दिसली की 'नाव नाही' म्हण, असं तिनेच दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. यादी अजून वाटेत आहे की आली आणि त्यात नाव नाही, हा फरकच केला नव्हता. पुण्यात यादी पापणी लवायच्या आत येते, तिथे ते वाक्य कुणाला दिसलंच नाही. यादी न येताच नाही म्हणायचं! मुलं वाटेत असतानाच मी हजेरीपटावर त्यांना गैरहजर लिहिलं असतं तर पालकांनी मला शाळेबाहेर काढलं असतं.

तिथूनच तिने कंपनीतल्या साहेबाला फोन केला. साहेब म्हणाला, "आपल्याकडे तर व्यवस्थित चालतंय. त्यांना चांगलं नेट वापरायला सांग." हेमांगीने फोन कापला, लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि तिथेच दुरुस्ती केली. दुपारपर्यंत वळणावर 'यादी येत आहे, थांबा' दिसू लागलं. उरलेल्या दहांपैकी तिघांची नावं निघाली. ते तिघं गावातच होते, दलसिंगने त्यांना जीपने नंदुरबारला पोहोचवलं.

रोशनीच्या मामाचा फोन गुरुवारी आणि शुक्रवारभर बंद होता. मी वसतिगृहात जाऊन हात जोडले. पाच वाजता तिची जागा पुढच्या नावाला गेली.

शनिवारी हेमांगी कालीबाईच्या दारात जाऊन बसली. चूक माझी, म्हणाली, आणि रडली. कालीबाईने तिला पाणी दिलं. मग मोडक्या मराठीत विचारलं, "तू आधीच 'थांबा' का नाही लिवलं, बाई? आम्ही थांबलो असतो. आम्ही तर सगळीकडं थांबतोच."