गॅदरिंगच्या नाचातली शेवटची रांग

मी तळेगावात राहते. नोकरीची बावीस वर्षं कान्हे गावाजवळच्या एका लहान शाळेत गेली. मराठी शिकवायचे आणि दरवर्षी गॅदरिंगचे नाच बसवायचे.

एका वर्षी आठवीत एक शेतकऱ्याची मुलगी होती. उंच, रंगानं काळी, नाचायला फार चांगली. मी तिला शेवटच्या रांगेत उभं केलं. रंगीत तालमीच्या दिवशी तर म्हटलं, "तुझ्यावर उजेड पडत नाही गं, अजून थोडी मागे हो." ती मागे झाली. नाच छान झाला. मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं.

पुढे ती पुण्याला कॉलेजात गेली, तिथून मुंबईला, आणि मॉडेल झाली. हायवेवर, कार्ल्याच्या अलीकडे, दागिन्यांच्या जाहिरातीत तिचा चेहरा बरेच दिवस होता. मग वाद सुरू झाले. गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात तिनं करार केल्यावर नाकारली, तेव्हा कंपनी कोर्टात गेली. प्रसिद्धीसाठी करते, असं लोक म्हणाले. नंतर पोहण्याच्या कपड्यातले फोटो आले आणि तिच्या वडिलांनी देवळापुढे बसायला जाणं सोडलं. हे सगळं मी इतरांसारखंच पेपरात वाचत होते.

त्यानंतर एका मुलाखतीत तिनं गॅदरिंगची गोष्ट सांगितली. शाळेचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. पण गावाला ते लगेच कळलं.

त्या गावचे सरपंच माझ्या घरी टाईप केलेला कागद घेऊन आले. मी तेव्हा रिटायर झालेली होते.

"बाई, पोरीनं गावाची इज्जत घालवली. लय फोन येत्यात. तुमी एवढ्यावर सही करा."

मुलगी उंच होती म्हणूनच तिला मागे उभं केलं, असं त्यात लिहिलं होतं. मी पेन घेतलं, सवयीनं शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला.

"सही ऱ्हायली की, बाई."

"तिच्याएवढीच उंच एक मुलगी पहिल्या रांगेत होती," मी म्हटलं. "ती गोरी होती."

"ते आता कुनाच्या ध्यानात न्हाई."

"माझ्या आहे."

ते चहा न घेता गेले. नंतर एका पत्रकाराचा फोन आला, त्यालाही मी हेच सांगितलं. ते छापून आलं. माझा मुलगा म्हणाला, "तुला कोणी विचारलं होतं का?" शाळेतल्या एका मैत्रिणीनं बोलणं बंद केलं.

आठवड्यानं त्या मुलीचा फोन आला.

"बाई, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मला मागे करताना तुम्हाला काय वाटलं होतं?"

मी आठवून पाहिलं. "काहीच वाटलं नव्हतं. नाच चांगला दिसावा, एवढंच डोक्यात होतं."

"मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नव्हते."

"तसं नव्हतं."

"तसं असतं तर सोपं गेलं असतं."

मी माफी मागितली. ती "हं" म्हणाली आणि तब्येतीची चौकशी करून तिनं फोन ठेवला.

कंपनीनं खटला मागे घेतल्याचं नंतर वाचलं. तिचं काम चालू आहे. मध्यंतरी तिची आई कान्हे स्टेशनवर दिसली. "बऱ्या हाय ना, बाई?" एवढं विचारलं आणि गाडी आल्यावर ती पलीकडच्या डब्यात चढली.