प्रयोगशाळेतली भरलेली बादली

दुष्काळाच्या त्या वर्षी मी सोलापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. नोकरी नवी, लग्नही नवंच. नवऱ्याच्या ऑफिसच्या आवारात बोअर होती, त्यामुळे आमचं पिंप कधी रिकामं पडलं नाही. गल्लीतल्या बायका टँकरमागे पळू लागल्या की मी खिडकी लावून घ्यायची.

आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता बाहेर पडते. ती किती, हे मोजायचं प्रॅक्टिकल होतं. लाकडी पेटीत कापूस भरून बसवलेलं काचेचं भांडं आणि थर्मामीटर. पण थोडी उष्णता भांडंच खातं, म्हणून आधी ते किती खातं हे काढावं लागे. गार पाण्यात गरम पाणी ओतायचं, तापमान बघायचं, पाणी टाकून द्यायचं. आकडा जुळला नाही की पुन्हा तेच.

वळसंगची एक मुलगी त्या बॅचमध्ये होती. शहरात मामाकडे राहून शिकायची.

"बाई, हे पानी कुटं ओतू?"

"सिंकमध्ये."

ती भांडं धरून तशीच उभी राहिली. "ह्यात कायबी घातलं न्हाय, बाई. नुसतं पानीच हाय की."

मी बादली ठेवली. प्रॅक्टिकल संपेपर्यंत ती भरली. मुलं गेल्यावर ती मुलगी थांबली.

"मामाकडं नेऊ?"

मला 'ने' म्हणता येईना. त्याच भांड्यांत आदल्या दिवशीच्या बॅचने आम्ल आणि कॉस्टिक सोडा ओतला होता. कुणी ती कशी विसळली होती, देव जाणे. मी तिला तसं सांगितलं.

"भांडी घासायला तरी?"

"नको गं. मामाकडे लहान मुलं असतील ना."

तिने मान हलवली आणि गेली. मी बादली गेटजवळच्या कडुनिंबाला ओतली. माझं चुकलं नव्हतं. तरी घरी पिंपात तांब्या बुडवला आणि तसाच बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना म्हटलं, "सर, प्रत्येक भांड्याचा आकडा मी एकदाच काढून पेटीवर चिकटवते. मुलं तोच वापरतील."

"मग मुलं शिकणार काय?"

"थोडं कमी शिकतील, सर."

शेवटी ते हो म्हणाले.

ती मुलगी मात्र पुन्हा आली नाही. तिची आई पाणी खरवडायला विहिरीत उतरली आणि पाय घसरून पडली, कमरेचं हाड मोडलं, असं मैत्रिणीकडून कळलं. आईच्या जागी ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. त्या विहिरीचा माझ्या बादलीशी काही संबंध नव्हता. पण मनाला कोण समजावणार?

एका रविवारी घरचं पाणी कॅनमध्ये भरलं आणि एसटीने वळसंगला गेले. ती दारातच भेटली. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"येवढ्या लांबनं पानी आनलं व्हय, बाई?" ती हसली. मला तोंड कुठं लपवू असं झालं.

आतून आईचा आवाज आला, "अगं, आदी बाईंना दे की! उन्हातनं आल्यात."

मीच आणलेलं पाणी तिने मला पेल्यात ओतून दिलं. आई अंथरुणावरून बघत होती, म्हणून मी ते प्याले.

"पुढल्या वर्सी येते, बाई," निघताना ती म्हणाली.

आणि पाऊस झाल्यावर ती खरंच आली. परीक्षेत तिला तो उष्णतेचा सोडून दुसराच प्रयोग मिळाला. पास झाली.