मोठेबाबांची सात मिनिटं

मी बी.एस्सी. होईपर्यंत आमच्या घरात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती: मोठेबाबांचा दम.

बाकी सगळी बोंबच होती. दोन खोल्या, वर कवेलू, त्यातले निम्मे फुटके. बाबा वर्ध्याच्या जिनात कापसाच्या गाठी उचलायचे. आई दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जायची. पण मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, विहिरीच्या पाण्याखाली सात मिनिटं राहायचे! अख्ख्या आंजी गावात असा दुसरा माणूस नव्हता. मोटारीच्या पाइपाला तळाशी फुटवॉल असतो, पाणी मागे न जाऊ देणारी झडप. तो गाळात रुतला की शेतकरी आमच्या दारात हजर. मोठेबाबा छाती फुगवून बुडी मारत आणि वर येताना हातात फुटवॉल! माझ्या कॉलेजची फी याच फुटवॉलांवर निघाली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर पाण्याखाली तयार झाला, असं म्हणायला हरकत नाही.

आता ही सात मिनिटं मोजली कोणी? नामाजीनं. नामाजी मोठेबाबांचा जोडीदार. मोठेबाबा बुडाले की हा काठावर दोर धरून बसायचा आणि बिडी पेटवायचा. बिडी संपली की सात मिनिटं झाली. (कशावरून? एकदा नामाजी पारावर निवांत बिडी ओढत बसला असताना कोण्या मास्तरांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. तेव्हापासून नामाजीची बिडी ही आमच्या गावाची प्रमाणवेळ!)

पदवी हातात आली आणि माझ्या अंगात विज्ञान शिरलं. एका सकाळी चहाच्या टपरीवर कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ लावला. काचेच्या टाकीत एक माणूस वीस मिनिटं श्वास न घेता बसलेला. सगळ्यांचे डोळे बाहेर!

"आपले मोठेबाबा काय याच्यापरीस कमी हायेत?" नामाजी म्हणाला.

"तो माणूस आधी नळीनं शुद्ध ऑक्सिजन ओढून घेतो," मी म्हणालो. (पदवीनंतर चार लोकांत मी शुद्ध बोलायचो.) "नाहीतर टाकीतच काहीतरी हातचलाखी असते. साध्या माणसाचा कारभार दोन मिनिटांत आटोपतो."

"मंग मोठेबाबाचे सात?"

इथे शहाण्या माणसानं चहा प्यायला असता. पण मी फर्स्ट क्लास होतो!

"विज्ञानाच्या दृष्टीनं," मी कप खाली ठेवला, "अशक्य."

मी घरी पोहोचायच्या आत ते वाक्य घरी पोहोचलं होतं. वाटेत त्याची तब्येतही सुधारली होती: 'दिलीपनं मोठेबाबाले फेकू म्हटलं!'

मोठेबाबा ताटावरून उठले. हात धुतले. मग शांतपणे म्हणाले, "रविवारी. आपल्या विहिरीत. पाह्याले येजा म्हना साऱ्यायले."

मोठेबाबांचं वय सहासष्ट. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, माझ्या अंगावर धावून आली.

"कारे बावा! यायले बाजेवरून उठताना धाप लागते, अन् तू विहिरीत घालून राह्यला? याच्यासाठी शिकवलं काय तुले?"

"मोठेबाबा, माफ करा मले," माझी शुद्ध भाषा जागच्या जागी विरघळली.

"माफी कायची? शिकलेला हायेस तू. घड्याळ लावून मोजजो."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. मोठेबाबा उतरले तर वर येतील याची खात्री नव्हती. नाही उतरले तर जन्मभराची इज्जत बुडणार होती. दोन्हींचा कर्ता मी!

दोन दिवस डोकं खाजवून मी तोड काढली. आधी आपणच उतरायचं. 'शास्त्रीय तपासणी' म्हणायचं. वर येऊन गंभीर चेहरा करायचा, "खाली वायू साचला आहे, कार्यक्रम रद्द!" असं सांगायचं. (हा डाव अभ्यासक्रमात नव्हता.)

रविवारी सकाळी आमच्या एकरभर पडीक वावरातल्या विहिरीवर अर्धं गाव. पाणी चांगलं वर आलेलं. एका बाजूला भिंतीतून पुढे आलेला दगडी ओटा होता. पूर्वी त्यावर डिझेल इंजिन असायचं. आता त्यावर उंबर उगवून फांद्या पार पाण्याला टेकलेल्या. 'आधी शास्त्रीय तपासणी!' असं जाहीर करून मी सेकंद मोजायचं घड्याळ काढलेला मोबाईल आईच्या हातात दिला.

"मी उडी मारली की हे बटन दाबजो."

"तुले पोवता येते न पण?"

"येते थोडं थोडं," मी म्हणालो आणि ती आणखी काही विचारायच्या आत उडी मारली.

छाती फुगवायची राहूनच गेली! मोजून दहा सेकंदांत नाकात पाणी, कानात पाणी, आणि विज्ञान कुठल्या कुठे. हातपाय झाडत वर आलो तर डोकं दगडावर आपटलं. मी ओट्याच्या खाली होतो. पण पाणी आणि ओटा यांच्यामध्ये वीतभर जागा होती आणि तिथे हवा होती! समोर उंबराच्या फांद्यांचा पडदा. वरून काही दिसणं शक्य नाही. आधाराला हात घातला तर भिंतीत एक लोखंडी कडी लागली. हाताच्या वापरानं गुळगुळीत झालेली.

कोणाच्या हाताच्या, हे कळायला बी.एस्सी. लागत नाही.

मी सापडलो नव्हतो, मला गुपित सापडलं होतं! कडी धरून मी तसाच लटकलो आणि गावासमोर ते फोडायच्या भाषणाची जुळवाजुळव करू लागलो. वरचे आवाज येत होते.

"नामाजी, बिडी कुठवर आली?"

"अर्धी झाली गा!"

"दिलप्या रे! माह्या लेकरा!" ही आई.

"सोडा मले! उतरतो मी!" हे मोठेबाबा.

माझं भाषण संपलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "मोठेबाबा, उतरू नोका! मी मजेत हाओ!"

विहिरीत आवाज चहूकडून घुमला. मग नामाजीची किंकाळी:

"पोट्टं पाण्याखालून बोलून राह्यलं!"

"आत्मा असन त्याचा!" कोणीतरी म्हणालं आणि आईनं गळाच काढला.

बुडी मारून मी विहिरीच्या मधोमध वर निघालो. दोर आला, चार जणांनी ओढून काढलं. नामाजी भाजलेलं बोट सगळ्यांना दाखवत फिरत होता, "अख्खी बिडी संपली! वरून चटका बसला! सात मिनिटं, अन् बोलला बी! मोठेबाबा बोलत नाई होते कधी!"

मोबाईल पाहिला. आईनं बटण दाबलं होतं, पण भलतंच. आत तिच्या अंगठ्याचे अकरा फोटो! पुरावा एकच उरला, बिडी. (घाबरलेला माणूस बिडी दोन मिनिटांत ओढून संपवतो, ही नोंद विज्ञानानं घ्यावी.)

"ऐका," मी धापा टाकत म्हणालो, "त्या ओट्याखाली..."

आणि मोठेबाबा दिसले. लंगोटावर उभे, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, खोकत होते. माझ्यासाठी उडी मारायला निघालेले. नजर माझ्यावर.

"काय हाय ओट्याखाली?" नामाजीनं विचारलं.

"पाणी," मी म्हणालो. "लय गार हाय."

"रक्तातच हाय यायच्या!" गावानं निकाल दिला. "पुतण्यानं दाखवलं न? आता मोठेबाबानं कायले उतराव?"

घरी जाताना मोठेबाबांनी आपल्या दुपट्ट्यानं माझं डोकं पुसलं. खसाखसा.

"कडी पाह्यली?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"दुसऱ्याच्या विहिरीत तर कडी नाई न मोठेबाबा. तिथं कसं जमे?"

"तिथं दीड मिनिट. तेवढ्यात फुटवॉल निघते." थोडं चालून ते म्हणाले, "दीड माहे. वरचे साडेपाच नामाजीचे."

मोठेबाबा त्यानंतर कधी विहिरीत उतरले नाहीत आणि त्यांची सात मिनिटं गावात आजही शाबूत आहेत. उन्हाळ्यात मात्र लोक फुटवॉलसाठी माझ्या दारात येतात, "सात मिनिटवाले सर हायेत का?" मला सर्दी झालेली असते. गेली काही वर्षं ती उतरलेली नाही.

माझा खरा दम मी न्हाणीघरात बादलीत तोंड घालून, घड्याळ लावून मोजला आहे. सव्वीस सेकंद. फर्स्ट क्लास तेवढा खरा आहे.